बघणारे : एक

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी काटेवाले दुसऱ्यांदा गेले.

पहिल्यांदा गेले ते रविवारी पहाटे, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांचा स्वभावच तसा. दुसऱ्यांदा गेले ते सदतीस पडद्यांवरून, आणि या खेपेला त्रास सगळ्यांना झाला.

काटेवाले जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आले. त्यांचा निरोपसमारंभ शहराच्या टोकाच्या निरोपगृहात होता. करड्या रंगाची दुमजली इमारत, आत दोन सभागृहं, प्लास्टिकची पांढरी फुलं, आणि जिन्याखाली वर्षानुवर्षं गळणारा एक पाइप. त्याच्या थेंबांमुळे तिथल्या शांततेला ताल असे. ज्यांना प्रत्यक्ष येणं जमत नाही त्यांना घरबसल्या समारंभ थेट दाखवायची सोय होती. सभागृहात एक कॅमेरा, आणि काचेच्या खोलीत एक सर्व्हर, म्हणजे ते चित्र घेऊन दूरदूरच्या पडद्यांवर पोचवणारं यंत्र.

काटेवाल्यांची मुलगी समुद्रापार. तिला रजा मिळाली होती, विमान मिळालं नव्हतं. ती पडद्यासमोर बसली होती. अकरा चाळीसला पेटीचं झाकण उघडलं. दोन मिनिटांनी कॅमेरा चेहऱ्याजवळ न्यायचा आणि लांबच्या माणसांना शेवटचं दर्शन घडवायचं, ही तिथली पद्धत. कॅमेरा पुढे सरकणार तेवढ्यात सगळ्यांच्या पडद्यावर एक पट्टी आली : ‘तांत्रिक अडचण. कृपया बाहेर पडून पुन्हा जोडून घ्या.’

सांगितलेलं ऐकणारी माणसं होती. बाहेर पडली, पुन्हा आत आली, आणि समोर नुसता करडा पडदा. काय झालं हे कळेपर्यंत झाकण बंद झालं होतं. रेकॉर्डिंग उघडून पाहिलं, तर त्यातही करडाच रंग, सलग पंचवीस मिनिटं.

व्यवस्थापकसाहेबांनी कारण शोधायला वेळ घालवला नाही. त्यांना माणूस सापडला होता. सर्व्हर सांभाळणारी एकच मुलगी तिथे कामाला होती आणि सर्व्हरचं नवं सॉफ्टवेअर नेमकं त्याच दिवशी घालायचं ठरलं होतं. साहेबांनी काचेच्या खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात टाकली, आणि चार वाजता कामावरून काढल्याचं पत्र मिळेल असं सांगितलं.

मुलगी जिन्याखाली, पाइपाशेजारी जाऊन उभी राहिली. तिने मावशीला फोन लावला.

“मावशी, मी ते बटण दाबलंच नाही गं.”

मावशी म्हणाली, “मग ज्याने दाबलं तो अजून इमारतीतच असेल. कुणाला बाहेर सोडू नकोस. मी बस पकडते.”

२

मावशी चौतीस वर्षं परीक्षागृहात पहारा करत होती. शिकवलं तिने कुणालाच नाही. सरळ रांगांमधून फिरायचं आणि कोण काय लपवतंय ते बघायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर तिला घरी करमेना, कारण घरात कोणी काही लपवतच नव्हतं.

एक वाजता ती साहेबांच्या दालनात शिरली. तिथे खोटी फुलं जास्त होती आणि उजेड कमी.

“आपण कोण?” साहेबांनी विचारलं.

“तिची मावशी.”

“हे बघा बाई, हा आमचा अंतर्गत मामला आहे. नातेवाइकांनी यात…”

मावशी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, “खिडकीकडची रांग. तिसरा बाक. डाव्या मोज्यात चिठ्ठी. भूगोल.”

साहेबांच्या चेहऱ्यावरून बत्तीस वर्षं भराभर उतरून गेली.

“बाई… तुम्ही?”

“तेव्हा मी तुझं नाव कळवलं नव्हतं. रडत होतास. चार वाजेपर्यंत मला इथे फिरू दे, म्हणजे आताही कळवणार नाही.”

साहेबांनी घसा खाकरला. “फिरा. पण उपयोग नाही, बाई. अपडेट भरसमारंभात झालं, हे यंत्रच सांगतंय. आणि मी कुणावर उगाच आळ घेत नाही. माझा कारभार स्वच्छ असतो. तेरा वेळा तिने अर्ज केला, तेव्हा कुठे मी परवानगी दिली.”

“तेरा वेळा?”

“घाईने सही करायची सवय नाही मला.”

“मग आज पत्रावर कशी काय केलीस?” मावशी म्हणाली. “आणि समारंभाच्या वेळी तू कुठे होतास?”

“इथेच. सभागृहात मी जात नाही. तळघरात तर नाहीच. मला मेलेलं माणूस बघवत नाही, बाई. चक्कर येते.”

निरोपगृहाच्या व्यवस्थापकाला मेलेलं माणूस बघवत नव्हतं. मावशीने ते मनात नोंदवून ठेवलं. हसायला नंतर वेळ मिळणार होता.

“आणि साहेबा,” ती दारातून वळून म्हणाली, “तो मोजा वर ओढ. आजही डावाच घसरलाय.”

३

काचेच्या खोलीबाहेर भाची उभी होती. डोळे सुजलेले, हातात माइकची तुटकी वायर.

“कसं असतं ते अपडेट, मला समजेल असं सांग,” मावशी म्हणाली. “मी मूर्ख आहे असं समज.”

“मावशी, तसं समजायची कुणाची छाती आहे?” भाचीने नाक पुसलं. “जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक होतं. कुणीही शहाणा त्यातून आत डोकावू शकला असता. लोकांचं रडणं परक्यांनी बघायचं म्हणजे… म्हणून नवं घालायचं. साडेबाराची वेळ ठेवली होती, तेव्हा सभागृह रिकामं असतं. सगळं तयार करून ठेवलं होतं, नुसतं बटण दाबायचं बाकी. मी खालच्या सभागृहात माइक दुरुस्त करायला गेले, आणि कुणीतरी अकरा एकेचाळीसला ते दाबलं.”

“खोलीला तेव्हा कुलूप?”

“नव्हतं. कोण येणार इथे?”

“आणि तुझं बटण दाबलं की बघणाऱ्यांचं चित्र जातं?”

“छे! तिथेच तर गंमत आहे.” ‘गंमत’ हा शब्द तिने इतक्या रडवेल्या आवाजात काढला की जिन्याखालचा पाइपही क्षणभर थांबला असावा. “चालू खिडकी बंद करून सगळ्यांना दुसऱ्या रांगेत ढकलायचं, असं मी करत नाही. नवी खिडकी, म्हणजे त्याच यंत्रात दुसरा सर्व्हर, उघडते. नवे येणारे तिकडे जातात. आधीपासून जुन्या खिडकीशी असलेल्यांना जुनीच चालू राहते. शेवटचा माणूस गेला की जुनी आपोआप मिटते, आणि मिटताना आपलं रेकॉर्डिंग जपून ठेवते. मी मुद्दाम तसं बसवलंय. समारंभातून कुणाला उठवायचं नसतं ना.”

“म्हणजे बटण दाबलं तरी कुणालाच बाहेर पडायची गरज नव्हती.”

“काहीच नव्हती! जागेवर बसून राहिले असते तर सगळं दिसलं असतं. बाहेर पडून परत आले म्हणून नव्या खिडकीवर गेले, आणि कॅमेरा अजून जुन्याच खिडकीला जोडलेला. नव्यावर दिसणार काय?”

मावशी गप्प झाली. कॉपी करणाऱ्या पोराच्या शेजारी ती अशीच गप्प उभी राहत असे.

“मग त्या पट्टीतली अडचण खोटी होती,” ती म्हणाली. “यंत्र बिघडलं म्हणून माणसं उठली नाहीत. माणसांना उठवायचं होतं म्हणून कुणीतरी पट्टी पाठवली. ती कुठून जाते?”

“कुठूनही. साहेबांच्या दालनातून, प्रवेशद्वाराच्या टेबलावरून, इथून. ‘पाच मिनिटांत सुरू होईल’ असलं काहीतरी रोजच जातं.”

मावशीने काचेला नाक लावलं. आत, अंधारात, दोन पडदे होते. एकावर मोठ्या अक्षरांत ‘नवा’ आणि खाली ‘बघणारे : ०’. दुसऱ्यावर ‘जुना’.

“अगं, त्या जुन्यावर काय लिहिलंय?”

“तो आकडा अडकलाय बहुतेक. सकाळपासून तसाच आहे.”

“यंत्र अडकतं कमी आणि माणसं त्याला अडकलं म्हणतात जास्त,” मावशी म्हणाली. “वाच.”

भाचीने वाचलं. “बघणारे : एक.”

४

मावशीने तिघांना तीन खुर्च्यांवर, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसवलं. सवयीचा भाग.

पहिला कॅमेरावाला. त्याचा डावा डोळा जन्मभर मिटलेला आणि उजवा भिंगाला, म्हणून त्याला सगळे एकडोळे म्हणत.

“मला काय विचारता, मावशी? पेटी बंद येते, माझ्यासमोर उघडते. आत कोण, कुठला, मला काय माहीत? मी उजेड बघतो. आणि इथे आम्ही नावं घेतच नाही. ‘साडेअकराचे आणा’, ‘चारचे राहू द्या’. पेटीच्या कडीला चिठ्ठी असते, तिच्यावरही वेळच असते. रडणाऱ्या माणसांसमोर नावं ओरडायची नाहीत, असा जुना नियम आहे.”

“आणि आता कॅमेरा?”

“साहेब म्हणाले कशाला हात लावू नका. नाही लावला. तसाच चालू सोडून आलो.”

दुसरे काटेवाल्यांचे धाकटे भाऊ. भरपूर रडून झालेले, आता भूक लागलेले.

“दादाची आणि माझी अकरा वर्षं भेट नव्हती,” ते म्हणाले. “क्षुल्लक कारण. मी त्याला म्हटलं, तुझा काटा खोटा आहे. असं त्याला कुणी म्हणायला नको होतं.” त्यांनी रुमाल शोधला, सापडला नाही, मावशीने आपला दिला. “आज चेहरा पाहिला आणि भडभडून आलं. किती बदलला होता! मिशी ठेवली होती हो शेवटी. बरं वाटलं मला. म्हटलं, निवृत्तीनंतर तरी जरा मोकळा झाला.”

“आणखी कोण होतं सभागृहात?”

“दोन शेजारी, मागच्या रांगेत. आणि एक गृहस्थ, ते म्हणे सगळ्यांच्याच समारंभाला येतात. इथे गरम असतं म्हणून.”

“तुमच्या पुतणीने हे सगळं लांबून बघावं, हे तुम्हाला पसंत होतं?”

“नव्हतं. तिने मला इथे पाहिलं असतं तर म्हणाली असती, आता आलास? पण बाई, मला साधा फोन उचलता येत नाही. ते बटणबिटण कुठलं दाबणार!”

तिसऱ्या टेबलताई. प्रवेशद्वाराशी सव्वीस वर्षं बसलेल्या. निवृत्तीला चार महिने उरलेले. पांढरे केस, स्वच्छ कपडे, आणि टेबलावर रुमालांची एक पेटी. ती दर सोमवारी भरत आणि शनिवारी रिकामी होई.

“पोरगी चांगली आहे हो तुमची,” त्या म्हणाल्या. आवाज खोल गेला होता. “माझ्या टेबलावर छोटा पडदा आहे, मीही बघत होते. गेलं चित्र. काटेवाल्यांच्या लेकीचा आत्ताच फोन येऊन गेला. परवा रविवारी तिला मीच सांगितलं होतं, बाबा अगदी शांत दिसतायत. पेटी आत घेताना झाकण उघडून फोटोशी चेहरा पडताळायचं काम माझंच. हनुवटीवर खळी होती बघा त्यांच्या. तिला आधी चारची वेळ मिळाली होती. तिकडे तेव्हा मध्यरात्र. रडायला लागली. मग मी दुसऱ्या मंडळींना विचारलं, ती समजूतदार निघाली, त्यांनी आपली साडेअकराची देऊन टाकली. एवढं सगळं करून आज हे असं…”

त्यांनी पेटीतून रुमाल काढला आणि न वापरताच घडी घालून ठेवला.

“पेट्या आता कुठे आहेत?” मावशीने विचारलं.

“खाली. भट्टी दिवसातून एकदाच पेटते, पाच वाजता.”

भाची धावत आली. तिच्या हातात पाहुण्यांची यादी होती. “मावशी, जुन्या सर्व्हरवरचा तो एक… साहेबांनी दोन मिनिटं खोली उघडली, मी फक्त पत्ता बघितला. वृद्धाश्रमातला आहे. काटेवाल्यांची मोठी बहीण, अक्का. वय एक्याण्णव.”

“मेलीबिली नाही ना पडद्यासमोर?” एकडोळे म्हणाले.

कुणीच हसलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात तेच आलं होतं.

५

वृद्धाश्रम दहा मिनिटांवर होता. खिडक्यांना जाड पडदे, पॅसेजमध्ये औषधांचा वास, आणि एका रांगेत लावलेल्या रिकाम्या चाकांच्या खुर्च्या, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. परिचारिका म्हणाली, “जेवायला उठत नाहीत. ताट दोनदा गरम केलं. हात लावू गेलं की ओरडतात.”

अक्का जिवंत होत्या. ताठ बसल्या होत्या. मांडीवर टॅबलेट, त्यावर निरोपगृहाचं रिकामं सभागृह. एक बाई खुर्च्यांमधून झाडत होती. शेवटच्या रांगेत एक गृहस्थ झोपले होते.

“कोण गं तू?” अक्का म्हणाल्या. “आडवी येऊ नकोस, दिसत नाही मला.”

“मी निरोपगृहातून आलेय, अक्का. मघाशी इथे एक पट्टी आली होती ना?”

“ही काय, अजून आहे वरती. चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही आणि चष्मा उशीखाली. इथली नर्स म्हणाली, बाहेर पडा असं लिहिलंय. म्हटलं, भावाच्या निरोपातून मी बाहेर पडू? कोण सांगणार मला?”

“मग तुम्ही सगळं पाहिलंत? चेहरासुद्धा?”

“पाहिला की. चांगला जवळून दाखवला.”

“आणि अजून कशासाठी बसला आहात, अक्का? समारंभ संपला.”

अक्कांनी पहिल्यांदा मान वळवली. इतक्या म्हाताऱ्या डोळ्यांत इतका राग मावशीने परीक्षागृहातही पाहिला नव्हता.

“संपला? सुरू कुठे झालाय? तो माझा भाऊ नव्हता! मिशीवाला कोण गृहस्थ होता बाई. भला दिसत होता, मीही हात जोडले, कुणाचा तरी असेलच. पण आमच्याने जन्मात मिशी ठेवली नाही. सोनाराचा काटा एका केसाने हलतो, म्हणून भुवयासुद्धा कातरायचा वेडा! म्हटलं, आधी याचा नंबर असेल. मग आमचा आणतील.” त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. “तीन तास झाले. किती उशीर करता गं तुम्ही लोक.”

मावशी पलंगाच्या कडेवर टेकली. तिच्या डोक्यात एक चिठ्ठी हलली. मोज्यातली नव्हे, पेटीच्या कडीची.

“अक्का,” ती म्हणाली, “उठू नका. काही झालं तरी उठू नका. तुमचा येतोय.”

६

साडेतीन वाजता मावशी टेबलताईंसमोर खुर्ची ओढून बसली. तिने आवाज इतका खाली ठेवला होता की पाइपाचे थेंबही वरचढ झाले.

“सांगते ते चुकलं तर थांबवा. इथे मेलेल्या माणसाला नाव नसतं, वेळ असते. रविवारी दोन पेट्या आल्या. एका कडीला ‘चार’, दुसरीला ‘साडेअकरा’. सोमवारी तुम्ही त्या मुलीसाठी वेळा बदलल्या. वहीत बदलल्या. कडीवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या राहिल्या.”

टेबलताई टेबलाकडे बघत होत्या.

“आज सकाळी वरून हाक गेली, साडेअकराचे आणा. चिठ्ठीप्रमाणे आणले. झाकण उघडलं. भावाने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं, त्याला मिशी दिसली आणि उलट बरं वाटलं. कॅमेरावाल्याने दोघांनाही कधी पाहिलेलं नाही. साहेब तळघराच्या जिन्यालाही बिचकतात. ज्याने कुणी सदतीस माणसांना उठवलं, त्याला दोन मिनिटांच्या आत कळलं होतं की हा तो नव्हे. म्हणजे दोन्ही चेहरे आधी पाहिलेलं माणूस. तसं इथे एकच आहे. हनुवटीवरची खळी ज्याला आठवते, ते.”

टेबलताईंनी समोरची वही मिटली.

“माझ्याकडे दोन मिनिटंच होती हो,” टेबलताई म्हणाल्या. “छोट्या पडद्यावर मिशी दिसली. ती पोर भलत्याच माणसाला बाबा म्हणून रडणार होती. आयुष्यभर तोच चेहरा डोळ्यांसमोर राहिला असता तिच्या. काचेच्या खोलीत धावले. बटण माहीत होतं, तुमच्या भाचीनेच कौतुकाने दाखवलं होतं. वाटलं, दाबलं की सगळंच बंद होईल. नाही झालं. इतकं चांगलं काम केलंय मुलीने, बंदच होईना. मग पट्टी पाठवली.”

“आणि चिठ्ठ्या?”

“दोन वाजता खाली जाऊन बदलल्या. भट्टीत नावं तरी बरोबर गेली असती.”

“मुलगी काहीच न बघता राहिली असती. आणि माझी भाची घरी गेली असती.”

“साहेबांनी लगेच तिचं नाव घेतलं.” टेबलताईंचा आवाज फुटला. “मी तिच्याबद्दल खोटं काही बोलले नाही, खरंच नाही. मी नुसती गप्प बसले. सव्वीस वर्षांत एकदा चूक झाली, आणि कबूल करायला तोंडच उघडेना.”

मावशीने असली कबुली पुष्कळ वेळा ऐकली होती. मोजे, बाह्या, पट्ट्यांच्या आतल्या बाजू. रडणारी सगळी सारखीच दिसतात, आणि कुणाला सोडायचं ते कधीच सोपं नसतं.

“चारला पंचवीस मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “मी साहेबांकडे जाणार नाही. तुम्ही जा.”

टेबलताई उठल्या. दोन पावलांवर थांबल्या, परत आल्या आणि रुमालांची पेटी सोबत घेऊन गेल्या.

७

साहेबांनी सगळं ऐकलं, चिठ्ठ्या तपासायला जन्मात पहिल्यांदा तळघरात गेले, आणि त्यांना चक्कर आली. त्यांचा शब्द खरा ठरण्याचा त्या दिवसातला तो एकच प्रसंग. त्यांना वर आणून बसवल्यावर भाचीचं पत्र त्यांनी स्वतःच फाडलं. टेबलताईंचं त्यांना लिहावंच लागलं नाही. ताईंनी स्वतःचं राजीनामापत्र आधीच टेबलावर ठेवलं होतं, वर पाण्याचा ग्लास दाबून.

चारला आलेल्या मंडळींनाही सांगावं लागलं. मिशीवाल्या गृहस्थांच्या थोरल्या मुलाने विचारलं, “सकाळी… लोकांनी नीट निरोप दिला ना बाबांना?”

काटेवाल्यांचे धाकटे भाऊ पुढे झाले. “मी रडलो हो,” ते म्हणाले. “अगदी मनापासून.”

त्या मुलाने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

साडेचारला दुसरी पेटी वर आली. भाचीने जुन्या खिडकीवरचं चित्र नव्या खिडकीकडेही वळवलं होतं. समुद्रापार फोन टेबलताईंनीच लावला. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही. दार लावून बोलल्या, आणि बाहेर आल्यावर भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

काचेच्या खोलीत मावशी आणि भाची. नव्यावर ‘बघणारे : ३७’. जुन्यावर ‘बघणारे : १’.

झाकण उघडलं. एकडोळ्यांनी या वेळी दोन मिनिटं थांबायचा नियम मोडला आणि सरळ चेहऱ्याजवळ गेले. बारीक कातरलेल्या भुवया. हनुवटीवर खळी. धाकटे भाऊ वाकले आणि सकाळच्यासारखा आवाज न करता, अगदी हळू, म्हणाले, “दादा, खरा होता रे तुझा काटा.” लांबच्या मुलीचा माइक चालू होता. तिने फक्त “बाबा” म्हटलं. सभागृहात ते इतकं लहान ऐकू आलं की शेवटच्या रांगेतले गृहस्थ झोपेतून उठून उभे राहिले.

पाचला दहा कमी असताना झाकण बंद झालं. नव्यावरचे आकडे उतरायला लागले. तीस. एकोणीस. चार. शेवटी एकच उरला, तो मुलीचा, आणि काही वेळाने तोही गेला.

जुन्यावरचा एक मात्र तसाच होता.

“झोपल्या की काय?” भाची म्हणाली.

“नाही,” मावशी म्हणाली. “पेटी दाराबाहेर जाईपर्यंत बघतील. थांब तू. मुद्दाम तसं बसवलंयस ना?”

चौघांनी पेटी उचलली. दारातून नेली. रिकामं सभागृह उरलं, प्लास्टिकची फुलं आणि वेड्यावाकड्या खुर्च्या. भाची पडद्याकडे बघत राहिली. मावशीने तिचा हात हातात घेतला.

मग एकाचं शून्य झालं. आणि सकाळपासून एका म्हातारीसाठी ताटकळलेला जुना सर्व्हर, रेकॉर्डिंग जपून ठेवून, आपणहून मिटला.